जिन्यातला सूर

न्यूयॉर्कला जाणारा प्रवासी बहुधा मान वर करून चालतो. त्या शहराची ख्यातीच तशी आहे. इमारतींचे मजले मोजता मोजता मानेला रग लागते, आणि मग माणूस घरच्यांना सांगतो की, काय वर्णावे, इथे आभाळाला टेकू दिले आहेत! माझे तिथले थोडे दिवस मात्र मान खाली घालून गेले. मी जिने पाहत होतो. घरांच्या दारांपुढचे दगडी जिने, भुयारी आगगाडीच्या फलाटावर उतरणारे जिने, आणि जुन्या इमारतींच्या पोटातले ते अंधारे, गुळगुळीत जिने, जे आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच परत देतात. "मामा, लोक इथे येऊन स्वातंत्र्यदेवी बघतात, तुम्ही जिने बघताय!" असे माझ्या भाच्याने मला दोनदा ऐकवले. तो हडसन नदीच्या पलीकडे जर्सी सिटीत राहतो. त्याच्या घरापासून चार पावलांवर वाणसामानाची गुजराती दुकाने आहेत, आणि सकाळी पोहे व दुपारी आमटीभात यांत खंड पडू न देता अमेरिका पाहण्याची त्याने माझी उत्तम सोय केली होती. पण जिन्यांचे वेड त्याला कळेना.

या वेडाचे मूळ एका तबकडीत होते. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाचा अमेरिकन गाण्याशी संबंध तो किती येणार? पण काही वर्षांपूर्वी आमच्या इंग्रजी विभागातल्या एका सहकाऱ्याने "हे जरा ऐका" असे म्हणून एक गाणे लावले. तळाशी काही तरी घनगंभीर, पखवाजाच्या डाव्या अंगासारखे ठेका धरून चालले होते. मध्ये दोन-तीन स्वर झोपाळ्यासारखे मागे-पुढे होत होते. आणि त्या सगळ्यांच्या वर एक भारदस्त, किंचित खरबरीत गळा आपले गाऱ्हाणे मांडत होता. वाद्य एकही नव्हते. तो ठेका म्हणजे एक माणूस होता आणि तो झोपाळा म्हणजे तीन माणसे. पाच माणसे, पाच गळे, बाकी काही नाही. 'द पर्सुएशन्स' हे त्या मंडळींचे नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर 'मनधरणीवाले'.

१९६२ साली ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट या वस्तीत हा मेळ जमला. जेरी लॉसन हा मुख्य गायक. गाण्याची सगळी मांडणी, कुणी कुठला स्वर धरायचा आणि कुणी कुठे थांबायचे, हेही तोच ठरवी. जिमी हेज खर्ज सांभाळी. जोसेफ रसेल, जेओटिस वॉशिंग्टन आणि हर्बर्ट ऱ्होड हे मधले तिघे. त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली ती १९७० साली, आणि तिचे नावच 'अकापेला', म्हणजे वाद्यांवाचून. मूळ इटालियन शब्दप्रयोगाचा अर्थ 'प्रार्थनामंदिरातल्या रीतीने' असा आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या गाण्याला देवळाचे नाव मिळावे, हा योग मला आवडला. १९७२ साली त्यांनी एका तबकडीला 'कोपऱ्यावरची सिम्फनी' अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्याच वर्षी जी निघाली, तिच्या नावाचा अर्थ 'अजूनही आमच्याकडे वाद्ये नाहीतच'! आणि १९७४ सालच्या तबकडीचे नाव, 'मला फक्त माझ्या मित्रांबरोबर गायचे आहे'. शीर्षके एकाखाली एक लिहिली तरी एक आत्मचरित्र तयार होते.

माझ्या भाच्याला जेव्हा मी सांगितले की, या मंडळींचे भाग्य उजळले ते तुझ्याच जर्सी सिटीतून, तेव्हा मात्र त्याने लॅपटॉप मिटला. हकिकत अशी सांगतात की, या गावात तबकड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका शौकिनाने त्यांचे गाणे टेलिफोनवरून फ्रँक झापा या कॅलिफोर्नियातल्या विक्षिप्त आणि बुद्धिमान संगीतकाराला ऐकवले. तिकडे तारेच्या दुसऱ्या टोकाला झापा प्रसन्न झाला आणि ती पहिली तबकडी त्याच्या कंपनीने काढली. वाद्ये नसण्याचा असाही एक फायदा. अख्खा वाद्यवृंद टेलिफोनात कसा मावला असता?

पण पर्सुएशन्स ही या गोष्टीची सुरुवात नव्हे. ती एका मोठ्या ओघातली मागाहून आलेली लाट. तिच्या आधी अमेरिकेतल्या शहरांतून जे गाणे उमलले, त्याला आज 'डू-वॉप' म्हणतात. हे नाव गाण्याच्या बऱ्याच मागून रूढ झाले. पोरे गात होती तेव्हा त्यांना आपण काय गातो याचे नाव ठाऊक नव्हते. आधी गाणारे गाऊन जातात, मग आमच्यासारखे पंडित येऊन बारसे करतात, ही रीत सगळ्या देशांत सारखीच दिसते.

या गाण्याची पाळेमुळे एका मोठ्या स्थलांतरात आहेत. १९१० ते १९७० या साठ वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आली. कापसाची शेते, वर्णद्वेषी कायदे आणि झुंडशाहीचे भय मागे टाकून ती आली. बरोबर आणले ते प्रार्थनामंदिरातले समूहगान. त्यांची मुले शहरात वाढली. पियानो घेण्याची ऐपत नाही आणि ठेवायला जागाही नाही. गळा मात्र फुकट होता आणि कोपरा सगळ्यांचा होता. बाल्टिमोरच्या 'ओरिओल्स' मंडळींचे गाणे १९४८ साली गाजले, ब्राँक्सच्या 'कॉर्ड्‌स'चे 'श-बूम' १९५४ साली देशभर पोचले, आणि मग न्यूयॉर्कच्या प्रत्येक गल्लीत चार-पाच पोरे डोक्याला डोके लावून उभी राहू लागली. ब्राँक्समधल्या इटालियन वस्तीतल्या मुलांनीही हा छंद उचलला. त्यांच्यातल्या एका मेळाने तर आपल्या रस्त्याचेच नाव घेतले, 'बेलमॉन्ट्‌स'. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला 'फाइव्ह सॅटिन्स' मंडळींचे सर्वांत गाजलेले गाणे १९५६ साली चक्क एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झाले.

या गाण्याची घडण आपल्या सरगमीत सांगता येते. षड्जावर उभा केलेला स्वरमेळ, मग धैवतावरचा, मग मध्यमावरचा, मग पंचमावरचा, आणि पुन्हा षड्जावर घरी. सा, ध, म, प. शेकडो गाणी या चार खांबांवर उभी आहेत. आपल्या कानाला एका सुरामागून दुसरा सूर ऐकण्याची सवय. राग म्हणजे एकट्याने चाललेली वाट. इथे गंमत असते ती एका वेळी एकत्र उभ्या राहिलेल्या सुरांच्या सांध्यात. सुरुवातीला माझा कान मुख्य गायकामागेच धावे. हळूहळू तो खाली उतरायला शिकला, आणि खर्जवाला काय करतो हे कळू लागल्यावर मग मला त्या गाण्याची खरी चटक लागली.

आणि ते शब्द! शब्द तरी कसे म्हणावे? निरर्थक अक्षरांची माळ. 'डू', 'वॉप', 'श', 'बूम'. व्याकरणाच्या कुठल्याही कोष्टकात न बसणारी ही अक्षरे मला परकी मात्र वाटली नाहीत. आपल्या तराण्यात तरी दुसरे काय असते? आणि पोवाड्यात शाहिरामागे उभे राहून 'जी जी' करणारे झीलकरी? शाहीर इतिहास सांगतो, पण त्याला दम घ्यायला उसंत देतात ते झीलकरी. त्यांच्या 'जी'ला अर्थ विचारायचा नसतो. ती 'जी' काढून घेतली की पोवाड्याचे व्याख्यान होते. या अमेरिकन पोरांनीही तेच केले. नसलेल्या ढोलाचा, नसलेल्या सॅक्सोफोनचा आवाज त्यांनी अक्षरांतून उभा केला. जन्मभर शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्या माणसाला अर्थाच्या अलीकडचा हा प्रदेश पाहण्याची ओढ लागली, तर नवल नाही.

तेव्हा एके दिवशी सकाळी मी जर्नल स्क्वेअरहून नदीखालची गाडी पकडली, मॅनहॅटनच्या टोकाला उतरलो आणि 'ए' गाडीत बसलो. ही गाडीही या गोष्टीतले एक पात्रच आहे. १९३६ साली ही वाट ब्रुकलिनच्या फुल्टन रस्त्याखालून सुरू झाली, आणि हार्लेममधल्या दाटीला कंटाळलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तिच्यात बसून बेडफर्ड-स्टायव्हेसंटला राहायला आली. रेल्वेने वस्ती कशी हलते, हे दादर-परळच्या माणसांना सांगायला नको.

नॉस्ट्रँड अव्हेन्यू स्थानकावर मी वर आलो. रुंद रस्त्यावर दुकानांची वर्दळ. पण एक वळण घेतले की शांत गल्ल्या लागतात. दोन्ही बाजूंना तपकिरी दगडाची तीन-चार मजली घरे, एकमेकांना खांदे लावून उभी. प्रत्येक घराला फूटपाथपासून पहिल्या मजल्याच्या दारापर्यंत चढणारा दगडी जिना. बैठकीची खोली, ओटा आणि गावची पार या तिन्हींचे काम हा जिना करतो. १९६८ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, शर्ली चिझम, ती याच वस्तीने पाठवली. आता या घरांच्या किमती ऐकल्या तर घेरी यावी. काही घरांची डागडुजी होऊन त्यांचे दगड नव्या नवरीसारखे उजळले होते. शेजारच्याच एखाद्याचे कठडे गंजलेले.

अशाच एका जिन्याच्या खालच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर टोपी, हातात काठी, वय ऐंशीच्या घरात. मी इकडे तिकडे पाहत रेंगाळतो आहे हे पाहून त्यांनीच विचारले, "घर घ्यायला आलात का?" त्या प्रश्नात स्वागत नव्हते. मी म्हटले, "नाही हो. मी मास्तर आहे, भारतातून आलोय. इथे पूर्वी पोरे कुठे गात, ते पाहायचे आहे."

त्यांनी मला नीट न्याहाळले आणि सरकून बसायला जागा दिली.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "कुठे गात नव्हती ते विचारा."

मग त्यांनी काठीने एक-एक जागा दाखवली. हा दिव्याचा खांब. तो कोपरा. त्या दुकानाच्या दाराची खोबण, पावसात. आणि हिवाळ्यात हे, असे म्हणून त्यांनी मान मागे केली. आम्ही ज्या जिन्यावर बसलो होतो, त्याच्या वरचे दार. "आत गेल्यावर लांबट बोळ, संगमरवरी लाद्या, वर तीन मजले उघडा जिना. दार लावून घ्यायचे आणि खालच्या पायरीवर उभे राहायचे. पाच जण गायलो की पन्नास गातायत असे वाटे." ते स्वतः खर्ज गात. त्यांच्या मेळाला नाव होते, एकसारखे शर्ट होते, कुणाच्या तरी आत्याने शिवलेले.

"पर्सुएशन्सना ऐकलंत का कधी?" मी विचारले.

"ऐकलं म्हणजे? त्यांच्यापेक्षा आपण बरे, अशी आमची समजूत होती," ते म्हणाले आणि खळखळून हसले. मग जरा थांबून म्हणाले, "सगळ्यांचीच होती."

त्यांच्या मेळाची तबकडी निघाली नाही. एक जण सैन्यात गेला, एकाचे लग्न झाले, एकाला अफूच्या पुडीने नेले. मी म्हटले, आपण तो बोळ आतून पाहू या का? त्यांनी काठी वर करून दाराकडे दाखवली. दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप होते. घर विकले जाऊन बरीच वर्षे झाली होती. ते स्वतः दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहत. "ऊन इथे चांगले येते," एवढेच ते म्हणाले. बोळाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

त्या बोळाचे रहस्य तसे साधे आहे. मऊ वस्तू आवाज पिते आणि कठीण वस्तू तो परत करते. संगमरवर, चिनी मातीच्या लाद्या, गिलाव्याच्या भिंती आवाज जवळपास सगळा माघारी धाडतात. तोंडातून निघालेला सूर भिंतींवरून पुन्हा पुन्हा उलटतो, आणि आधीचा विरण्यापूर्वीच पुढचा येऊन त्यात मिसळतो. कुठे श्वास अपुरा पडला, कुठे सूर कणभर उतरला, तर तो प्रतिध्वनी त्यावर पांघरूण घालतो. आपण देवळाच्या गाभाऱ्यात एकदा ओंकार लावला की हे कळते. डू-वॉपच्या गाण्यांत सूर इतके संथ आणि लांबलेले का, याचे थोडे उत्तर इथे आहे. घाईने गाल तर जिना गोंधळ करतो. सबुरीने गाल तर तो साथ देतो. पुढे ही मुले ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेली तेव्हा तिथे जिना नव्हता. म्हणून कंपन्या आवाजाला मुद्दाम प्रतिध्वनी जोडीत. फुकटचा जिना असा विकत घ्यावा लागला.

निघताना वृद्ध गृहस्थ मला स्थानकापर्यंत पोचवायला आले. नको म्हटले तरी ऐकेनात. जिना उतरायला त्यांना वेळ लागला. खाली लाद्यांच्या भिंतींजवळ ते थांबले, काठी माझ्या हातात दिली, एक हात भिंतीला लावला आणि तोंड जेमतेम उघडून एक सूर लावला. किती खालचा, ते माझ्या छातीला आधी कळले आणि कानाला मागून. तो सूर भिंतीवरून फलाटाच्या पार टोकाला गेला आणि परत आला. कानात यंत्रे घालून उभी असलेली एक मुलगी वळून पाहू लागली; तिने एका कानातले यंत्र काढले. दहा-बारा सेकंद असतील. मग गाडी आली आणि तिने सगळे गिळून टाकले. त्यांनी काठी परत घेतली. "अजून आहे," ते म्हणाले. आवाज की स्थानक, कशाबद्दल म्हणाले ते मी विचारले नाही.

परतीच्या गाडीत मला हार्लेमच्या फ्रँकी लायमनची आठवण येत होती. त्याचे गाणे १९५६ साली जगभर पोचले तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता; आणि १९६८ साली हेरॉइनने त्याचा बळी घेतला तेव्हा पंचवीस वर्षांचा. त्या गाण्यावर कवी म्हणून नाव लागले ते लायमनचे आणि एका कंपनीमालकाचे. त्याच मेळातल्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांनी पुढे न्यायालयात दाद मागितली की, हे गाणे आमचे आहे. १९९२ साली पंचांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. १९९६ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कारण काय, तर दावा लावायची मुदत केव्हाच टळून गेली होती. गाणे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर घड्याळाने दिले. कोपऱ्यावर पाच जण मिळून गाणे रचतात, तेव्हा कोणता तुकडा कोणाचा हे कोणी लिहून ठेवीत नाही. कागद पुढे येतो तो पैसे आले की. आणि तोपर्यंत कागदावर लिहिणारा वेगळा असतो.

पर्सुएशन्सच्या पदरी मोठे ऐश्वर्य कधीच आले नाही. नाव झाले, मान मिळाला. १९७९ साली जोनी मिचेलसारख्या गायिकेने त्यांना आपल्या दौऱ्यात बरोबर घेतले. पण विकणाऱ्याला हे गाणे कुठल्या फळीवर ठेवावे हे कळत नसे. काळ ढोल-गिटारींचा होता, विजेच्या वाद्यांचा होता, आणि ही पाच माणसे रिकाम्या हातांनी उभी राहत. वाद्ये घ्या, असे सुचवणारे काय कमी भेटले असतील? पण त्यांची ओळख राहिली ती वाद्यांवाचूनच्या गाण्याची. हर्बर्ट ऱ्होड १९८८ साली गेला. त्यानंतरही बाकीचे गात राहिले आणि २००० साली त्यांनी झापाची गाणी नुसत्या गळ्यावर गाऊन एक अख्खी तबकडी काढली. ज्याने टेलिफोनवरून त्यांना ओळखले होते, तो ती ऐकायला नव्हता. झापा १९९३ सालीच वारला होता. खर्जवाला जिमी हेज २०१७ साली गेला. जेरी लॉसनने वयाच्या ७१व्या वर्षी, २०१५ साली, स्वतःच्या एकट्याच्या नावाची पहिली तबकडी काढली, आणि २०१९ साली तोही गेला.

माझ्याकडे आता त्यांच्या बऱ्याच ध्वनिमुद्रिका आहेत. वर्गात पोवाडा शिकवताना मी कधी कधी त्यातली एखादी लावतो. मुले आधी हसतात, मग झीलकऱ्यांची गोष्ट त्यांना चटकन कळते. परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शाहिराचे नाव शेवटच्या कडव्यात येते. झीलकऱ्यांची नावे कुठे असतात?" मी म्हटले, बहुतेक ठिकाणी कुठेच नसतात. पर्सुएशन्सच्या तबकडीवर ती छापलेली आहेत, पाचांचीही, आणि म्हणूनच मी मुलांना ती पाचही नावे फळ्यावर लिहून देतो. त्यांच्याखाली एक ओळ मोकळी सोडतो. ब्रुकलिनच्या त्या गृहस्थांना मी नाव विचारले होते. ते म्हणाले, "राहू द्या. खर्ज गायचो, एवढे सांगा."